टेपवाले सर

नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या बाईच्या पोटाचा घेर मोजतात, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी घरातून निघालेच नसते. पण सांगणार कोण? चेन्नईत मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली. तो पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि मी दिवसभर भाड्याच्या घरात बसून तमिळ मालिका बघायचे. भाषेचं एक अक्षर कळायचं नाही, पण त्यातली सासू रडली की मीही रडून घ्यायचे. हाताशी आहारशास्त्राची पदवी होती. नुंगंबाक्कमला लठ्ठपणा आणि मधुमेहावर संशोधन करणारं केंद्र आहे आणि तिथे डाएटिशियन हवी आहे असं कळलं, तशी कांजीवरम नेसून गेले.

टेबलामागे एक वयस्क गृहस्थ बसले होते. हातपाय अगदी बारीक, अंगात ढगळ खादीचा बुशशर्ट, आणि गळ्यात स्टेथोस्कोप असायचा तिथे शिंप्याची पिवळी टेप. त्यांनी टेप काढून सिस्टरच्या हातात दिली, मला पडद्यामागे पाठवलं, आकडा ऐकून नुसती मान हलवली. माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. तमिळ हेल काढून, पण चक्क मराठीत त्यांनी विचारलं, "काल रात्रीं काय जेवलीस?"

इतक्या दिवसांनी नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून मराठी ऐकून मी खुर्चीत पुढे सरकले. मी म्हटलं, "नेहमीचंच."

"नेहमीचें असें कांहीं नसतें. सांग."

मग त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणलेला कोत्तु परोटा, म्हणजे तव्यावरच कुटलेला परोटा. तो तिखट लागला म्हणून वर दहीभात. आणि भांडी घासायच्या आधी, ओट्याशी उभ्या उभ्या, केळ्याचे वेफर्स. शेवटचं सांगताना मी मान खाली घातली. सर मात्र खूश झाले.

"उभ्यानें खाल्लेलें कोणी सांगत नाहीं. तूं सांगितलेंस. उद्यांपासून ये."

अशी मला नोकरी लागली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माणूस वेडा दिसतोय." मी म्हटलं, "असू दे, मराठी बोलतो."

सरांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर आलेले. सातारा, पुणं यांतलं काहीही सरांनी पाहिलेलं नव्हतं, पण घरात मराठीच. त्यांच्या मराठीत 'का'ला 'कसाला' होतं आणि 'झालं'ला 'जाहलें'. मध्येच तमिळ शब्द यायचा आणि पुन्हा असं एखादं क्रियापद यायचं की मला शाळेतला बखरीचा धडा आठवायचा. मला ते 'पुणेकरीण' म्हणत. मी कोल्हापूरची. कोल्हापूरच्या बाईला पुणेकरीण म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगून माझी जीभ झिजली. ते शांतपणे म्हणायचे, "येथून पाहिलें तर सगळें पुणेंच."

ती टेप म्हणजे सरांचं सगळं शास्त्र होतं. वजनकाट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते एक बटाटा दाखवायचे, त्यात चार काड्यापेटीच्या काड्या खोचलेल्या. "हा आपला माणूस," म्हणायचे. "हातपाय बारीक, पोट पुढें. काट्यावर उभा केला तर वजन चांगलें येतें. तो घरीं जाऊन आनंदानें गोड खातो. आणि आंत शुगर चढत असते." परदेशातल्या लठ्ठ माणसांवरून ठरवलेली मापं आपल्याकडच्या बारीक माणसांना लावू नका, हे ते परिषदांमधून सांगत आणि केंद्राच्या दारातल्या रिक्षावाल्यालाही सांगत. रिक्षावाल्याला जरा जास्त वेळ देत. बटाटा दर सोमवारी बदलला जायचा, जुना आमच्या कॅन्टीनच्या सांबारात जायचा.

पुरुषमाणूस दिसला की त्यांचा हात गळ्याकडे जायचाच. पोस्टमन, लिफ्ट दुरुस्त करणारा, बँकेचे मॅनेजर, कोणी सुटला नाही. त्यांच्या भाचीच्या लग्नात घरच्यांनी बजावलं होतं, टेप आणाल तर मांडवात घेणार नाही. सर रिकाम्या गळ्याने आले. सगळे निर्धास्त झाले. पंगतीच्या आधी बघतो तर सरांनी अंगवस्त्र काढून नवऱ्यामुलाच्या काकांच्या पोटाला गुंडाळलेलं. अंगवस्त्राच्या काठावर त्यांनी शाईने खुणा करून आणल्या होत्या. काका कलेक्टर कचेरीत मोठे अधिकारी. ते दोन्ही हात वर करून उभे होते, आणि त्यांच्या बायकोला इतकं हसू येत होतं की तिने केळीच्या पानाआड तोंड लपवलं.

फक्त एका माणसाचा घेर कोणालाच ठाऊक नव्हता, तो सरांचा. त्या ढगळ बुशशर्टाखाली काय आहे ते आम्हाला दिसत होतं. बटाटा त्यांनी कोणाकडे बघून बनवला, याबद्दल सिस्टर आणि मी पुष्कळ कुजबुज केली होती. एकदा मी धीर करून विचारलंसुद्धा. म्हणाले, "मी कोणत्याही स्टडींत नाहीं." त्यांच्या पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, ते मैलापूरला एकटेच राहत. तिथल्या मिठाईच्या दुकानासमोर एका संध्याकाळी मी त्यांना रांगेत बघितलं. मला बघून त्यांनी हातातला पुडा पाठीमागे नेला. "शेजारच्यांच्या नातवाला," म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

तर अंबत्तूरची गोष्ट.

तिथे औद्योगिक वसाहतीत रबराचे वायसर बनवणारा एक लहान कारखाना होता. सरांनी तिथल्या सगळ्यांची तपासणी केली, आणि ज्यांची शुगर काठावर होती, म्हणजे अजून रोग नाही पण दार उघडं आहे, अशांना घेऊन स्टडी सुरू केला. त्यांचे दोन गट पाडायचे. पहिल्या गटाला दर महिन्याला मी जाऊन शिकवणार, काय खायचं, किती खायचं, कसं चालायचं. दुसऱ्या गटाला नेहमी दवाखान्यात देतात तेवढाच सल्ला, एक छापील कागद. काही वर्षांनी बघायचं, किती जण पलीकडे गेले. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, चिठ्ठी बंद पाकिटात येणार. आणि पहिल्या गटाला निक्षून सांगितलेलं, दुसऱ्या गटाशी यातलं काही बोलायचं नाही.

पॅकिंगमध्ये सेल्वी नावाची बाई होती. पस्तिशीची, अंगाने अगदी किरकोळ. तिच्या आईचा पाय शुगरमुळे घोट्यापासून कापलेला, ती म्हातारी दिवसभर उंबऱ्याशी बसून असायची. सेल्वीच्या पाकिटातून दुसरा गट निघाला. तिने चिठ्ठी सरांपुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, ही बदला. मला शिकवा. मला आईसारखं बसायचं नाही."

सर तिला तमिळमध्ये सांगत राहिले. चिठ्ठ्या बदलत गेलो तर शिकवण्याचा खरंच उपयोग होतो की नाही हे कधीच कळणार नाही. उपयोग दिसला तर स्टडी संपल्यावर सगळं तुलाही मिळणार. तपासणी तर दर वर्षी होणारच आहे. सगळं बरोबर होतं. सेल्वीने ते ऐकून घेतलं आणि छापील कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. "तोपर्यंत मी थांबते," ती म्हणाली. "शुगर थांबेल का, सर?"

त्या दिवशी परतताना सरांनी ड्रायव्हरलाही काय जेवलास विचारलं नाही.

मी दर महिन्याला जात राहिले. भात अर्धा, भाजी दुप्पट, भाताच्या आधी भाजी, बसून जेवायचं, एक स्टॉप आधी उतरायचं. माझं तमिळ तेव्हा असं होतं की बायका आधी पोट धरून हसायच्या आणि मग शिकायच्या. पहिल्या गटाचे घेर कमी होऊ लागले. सर टेपला हात लावून नमस्कार करायचे. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत मात्र घोटाळा झाला. दुसऱ्या गटाचे घेरही कमी निघाले. शुगरसुद्धा. दोन्ही गट बरोबरीने चाललेले.

सरांनी आधी टेपवर संशय घेतला. जुनी झाली, ताणली गेली, म्हणून माणसं बारीक दिसतात. सबंध दुपार ते पोलादी पट्टीला टेप लावून बसले होते. टेप निर्दोष सुटली. मग म्हणाले, "पुणेकरीण, चल. जाऊन पाहूं."

नवरात्र चाललं होतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बायकांनी कोलू मांडला होता. रबराच्या पॅकिंगचे खोके रचून पायऱ्या केलेल्या, वर जुनी साडी, त्यावर मातीच्या बाहुल्या. आमच्याकडच्या हळदीकुंकवासारखंच. शिफ्ट सुटली की बायका जमायच्या, कुंकू, पानसुपारी, द्रोणात सुंडल, म्हणजे उसळ. आणि तिथली रीत अशी, की कोलूला आलेल्या बाईने एक गाणं म्हणायचंच. येत नाही म्हटलेलं चालत नाही. पॅकिंगमधल्या बायकांना देवाची गाणी किती येणार? दोन दिवसांत संपली असतील.

आम्ही दाराशी थांबलो. आत पहिल्या गटातली एक बाई गात होती. चाल त्या काळात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजणाऱ्या एका सिनेमातल्या गाण्याची, आणि शब्द ऐकून मला घाम फुटला. शब्द माझे होते. भात अर्धा गं, भाजी दुप्पट गं. माझ्या तमिळच्या चुकांसकट. बाकीच्या सगळ्या बायका ओळ झेलत होत्या, दोन्ही गटांतल्या. आणि पुढची ओळ सगळ्यांच्या आधी जिच्या तोंडून येत होती, ती सेल्वी.

आम्हाला बघून गाणं थांबलं. सर आत जाऊन कोलूसमोर उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या गटाशी बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

गाणारी बाई म्हणाली, "आम्ही बोललो नाही, सर. कोलूला गाणं म्हणावं लागतं, ते म्हटलं."

"मागच्या वर्षीसुद्धा?"

"मागच्या वर्षी लहान होतं. आता कडवी वाढलीत."

कोणी हसलं नाही. सेल्वी पुढे आली. तिच्या हातात सुंडलाचा द्रोण होता. "त्यांना बोलू नका. मी रोज म्हणायला लावत होते. एका बाकावर डबे उघडतो, सर. तिच्या डब्यात काय आहे ते मला दिसणार नाही का?"

सरांनी द्रोण घेतला. चव बघितली. "कसलें?" त्यांनी चुकून मराठीतच विचारलं. मी तमिळ करून सांगितलं. "हुलग्याचं," सेल्वी म्हणाली. सर खाली बसले आणि सगळा द्रोण संपवला. मग रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्याकडेही गाणं मागितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जातो. पण त्यांनी डोळे मिटून एक मराठी पाळणा म्हटला, त्यांच्या आईचा, इतक्या जुन्या मराठीत की मला निम्मा कळला. आवाज पार फुटला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "चूक माझी. एका बाकावर बसणाऱ्या बायकांच्या मधून मी रेघ ओढली. माझी आजी असती तर आधींच सांगती, हें होणार नाहीं म्हणून."

स्टडीवर देखरेख करणारी बाहेरची एक समिती होती. त्यांना कळवणं भाग होतं आणि सरांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. समितीची माणसं नुंगंबाक्कमला आली. चहाबरोबर बिस्किटं मिळाली नाहीत, उकडलेल्या शेंगा मिळाल्या, ती आमच्याकडची पद्धतच. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. दोन गटांत फरकच उरला नाही तर स्टडी कसला? त्यांच्यातल्या एकाने मार्ग सुचवला. दुसऱ्या गटाला सांगा, स्टडी संपेपर्यंत पूर्वीसारखं राहा. ते जमत नसेल तर काम बंद.

सरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना बिनटेपेचं त्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. इंग्रजी त्यांचं उत्तम, पण त्या दिवशी ते अडखळत बोलले. म्हणाले, "तिकडे एक बाई आहे. तिच्या आईचा पाय कापलेला आहे. तिला जाऊन मी काय सांगू? बाई, तू बरी होते आहेस, ते थांबव, आमचा हिशोब चुकतो आहे? मला हे सांगता येणार नाही. तुम्ही काम बंद करा."

आणि समितीने खरंच बंद केलं. अंबत्तूरला जाणारी आमची गाडी थांबली, केंद्रातल्या दोघांच्या नोकऱ्या दुसरीकडे हलवल्या, माझीही जाईल असं वाटत होतं. मला सरांचा अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता. जरा गोड बोलून वेळ मारून नेता आली नसती का? घरी नवऱ्यापाशी मी दोन्ही बोलून दाखवलं.

सेल्वीची वर्षाची तपासणी तेवढी राहिली होती. सरांनी तिला केंद्रात बोलावून घेतलं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायचं आणि दोन तास नुसतं बसायचं, मग पुन्हा रक्त. ते दोन तास सर तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होते. टेबलावरचे फोन वाजत राहिले. तिने आईबद्दल सांगितलं, त्यांनी पत्नीबद्दल. पत्नीलाही शुगर होती, हे मला त्या दिवशी कळलं. दोघंही बारीक, दोघंही बिनधास्त, आणि डॉक्टर घरातच असून कोणी बघितलं नाही. रिपोर्ट मी आणला. सेल्वी काठावरून मागे आली होती. अगदी आत, सुखरूप. तिने तीनदा विचारलं, "नक्की माझंच रक्त?" सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग मला म्हणाले, "कसाला उभी आहेस? तिला जेवायला घाल. उपाशी आहे पोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिफ्टची वाट न बघता जिना चढून माझ्या टेबलाशी धापा टाकत आले. "पुणेकरीण, माणसें वेगळीं करतां येत नाहींत ना? नको करूं. अख्खा कारखाना एका गटांत. दुसरा अख्खा कारखाना दुसऱ्या गटांत, तो दूर, दुसऱ्या गांवांत. चिठ्ठी कारखान्याची काढूं. आणि शिकवायचें तें गाण्यानेंच. बायकांनी एकमेकींना सांगायचें, तेंच आतां मोजूं."

हे बोलायला सोपं. कागदपत्रं, परवानग्या, नकार, पुन्हा कागदपत्रं, यांत बराच काळ गेला. सर जिथे जातील तिथे अंबत्तूरची फजिती स्वतः रंगवून सांगायचे, मी बसायचे कपाळाला हात लावून. पण त्या गोष्टीनेच लोक वळले. नवा स्टडी मंजूर झाला. शिकवणाऱ्या बायांमध्ये पहिलं नाव सरांनी सेल्वीचं घातलं. अंबत्तूरच्या कारखान्याला स्टडीतून मोकळं केलं होतं, त्यामुळे तिथे आता कोणी कोणाला काहीही सांगायला मुखत्यार होतं.

नव्या कामाचा पहिला दिवस श्रीपेरुंबुदूरला, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात. शिफ्ट सुटून कॅन्टीन भरलेलं, बाहेर कंपनीच्या बसगाड्या उभ्या. सेल्वी नव्या सुती साडीत, गळ्यात नवी टेप. तिने मोजायला कोण येतं विचारलं आणि कोणी उठेना. पुरुष एकमेकांना कोपरं मारत होते, मुली तोंडावर ओढण्या घेऊन खुदखुदत होत्या. सर मागे, सिस्टर आणि माझ्या शेजारी, खुर्चीत बसून मजा बघत होते.

सेल्वीने सगळीकडे नजर फिरवली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, आधी तुम्ही. हात वर करा."

सर म्हणाले, "मी स्टडीत नाही, सेल्वी."

"मीसुद्धा दुसऱ्या गटात होते, सर."

सर उठले. हळूहळू हात वर केले. त्या बारीक हातांखाली तो ढगळ बुशशर्ट वर गेला आणि सेल्वीने टेप गुंडाळली. तिने आकडा मोठ्याने वाचला. सिस्टरने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आमचा बटाट्याचा अंदाज बरोबर होता.

कॅन्टीनमध्ये आता कोणी खुदखुदत नव्हतं. पुढच्या बाकावरचा एक माणूस शर्ट सारखा करत उठला, त्याच्यामागे दुसरा. सेल्वीने त्यांना हाताने थांबवलं. तिचं काम अर्धं राहिलं होतं.

"काल रात्री काय जेवलात, सर?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाले, "नेहमीचंच."

"नेहमीचं असं काही नसतं," सेल्वी म्हणाली. "सांगा."

हात तसेच वर ठेवून, लहान पोरासारखे, सर म्हणाले, "मैसूरपाक. उभ्याउभ्याने."